हिमोग्लोबिन ९.२ : पाचव्या महिन्यात काय खायचं, कधी खायचं?

रंकाळाकाठ
नमस्कार. मला पाचवा महिना सुरू आहे, पहिलंच बाळंतपण. सासर शाहूपुरीत, माहेर गारगोटीकडचं. सोमवारी तपासणीला गेले होते, हिमोग्लोबिन ९.२ आलं. तिसऱ्या महिन्यात १०.८ होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या एकाच्या दोन केल्या, कॅल्शियमच्या दोन आधीपासून आहेतच. "आहार सुधारा" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर तीस-चाळीस जणी ताटकळत होत्या, त्यामुळे मीही काही विचारलं नाही. पण रिक्षात बसल्यापासून एकच डोक्यात आहे, सुधारायचं म्हणजे नेमकं काय? मी उपाशी राहत नाही. सासूबाई ताट वाढून हातात देतात.

दिवसभराचं सगळं लिहिते, चुकत असेल तिथं सांगा. सकाळी उठल्यावर चहा आणि दोन बिस्किटं. नऊला पोहे, उपीट किंवा शिळी भाकरी-चटणी, सोबत परत चहा. दुपारी भाकरी, एक भाजी, आमटी-भात. जेवणानंतर दीडच्या सुमारास घरात सगळ्यांचा चहा होतो, त्यात मी असतेच. संध्याकाळी गूळ-शेंगदाणे, रक्त वाढतं म्हणून सासूबाई रोज न चुकता देतात, आणि चहा. रात्री चपाती-भाजी. झोपताना एक पेलाभर दूध, त्याच्यासोबत लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची पांढरी गोळी एकदम घेते, म्हणजे विसरायला नको. महिन्यातून दोनदा मटण.

बाळासाठी जे लागतं ते जेवणातूनच मिळावं असं मला मनापासून वाटतं. गोळ्या नको असं नाही, पण जेवण नीट असावं.

कागलची काकी
आगं बाळ, लाल गोळी दुधासंगट घेतीस व्हय? तिथंच घोळ झाला बघ. मी एकतीस वर्षं अंगणवाडीत होतो. दर महिन्याला पोरींना हेच सांगत बसायचो. लाल गोळी आणि पांढरी गोळी ह्या दोघी जावा हाईत, एका चुलीवर नांदत न्हाईत. दोघींत दोन तासाचं अंतर ठेव. आणि लाल गोळी दूध, चहा, ताक ह्यातल्या कशासंगट घ्यायची न्हाई. लिंबू पिळलेल्या पाण्यासंगट घे.

दुसरं म्हंजे, गोळी सुरू झाल्यावर शी काळी होती. त्याला घाबरून लई जणी गोळ्या सोडत्यात. काय होत न्हाई त्यानं. आणि कुणी सांगितलं की लोहाच्या गोळीनं पोरगं काळं होतंय, तर त्यांच्यापुढं हात जोड आणि गोळी घे.

रंकाळाकाठ
काकी, खरंच माहीत नव्हतं. सहा आठवडे दुधासोबतच घेतेय. आमच्या शेजारच्या आजींनी बाळ काळं होण्याचं अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

आहारवाली
काकींनी मुद्द्याला हात घातलाय, मी थोडं सविस्तर लिहिते. मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांमध्ये तुमच्यासारख्याच जास्त असतात. ताटात पुरेसं असतं, पण अंगी लागत नाही.

आधी हे सगळं एवढं का लागतं ते बघू. गरोदरपणात आईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. रक्तातला पाण्याचा भाग आधी आणि जास्त वाढतो, तांबड्या पेशी मागून येतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविक आहे. पण ११ च्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणायचं. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तुमचं ९.२ मध्यम गटात येतं. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तुम्ही एकट्या आहात असंही समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला होता.

नऊ महिन्यांत मिळून साधारण १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं. बाळ, वार, वाढलेलं रक्त, सगळ्यांचं धरून. त्यातला मोठा भाग गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत आतापासून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज २७ मिलिग्रॅम लोह हवं. आपल्या शाकाहारी ताटातून एवढं गोळा होणं अवघड आहे, म्हणून सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलंय.

आता चहा. तुम्ही दिवसात चार वेळा घेताय आणि चारही वेळा खाण्याला चिकटून. चहातली टॅनिनं भाजी-भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. जेवताना किंवा जेवल्याबरोबर घेतलेल्या चहानं त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कोल्हापुरात ते कुणी ऐकायचंही नाही. पण जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. दीडचा चहा तीनला घ्या. आणि दिवसाला दोन कप बास.

याच्या उलट काम लिंबू, आवळा, पेरू, कच्चा कोबी, कोथिंबीर करतात. त्यातलं क जीवनसत्त्व भाजीपाल्यातलं लोह दुपटी-तिपटीनं शोषून घ्यायला मदत करतं. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळलं की त्यातलं क जीवनसत्त्व जातं.

एक प्रश्न विचारते, मोकळेपणानं उत्तर द्या. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ असं काही खावंसं वाटतं का?

रंकाळाकाठ
हे वाचून अंगावर काटा आला. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी पाटीवरची पेन्सिल खाते. सुरुवातीला दिवसाला एक, आता तीन-चार. राजारामपुरीतल्या एका दुकानातून भाच्यासाठी म्हणून पुडा आणते आणि उशीच्या अभ्र्यात ठेवते. दाताखाली तिचा जो कर्रकन आवाज येतो आणि मग ओल्या मातीचा वास, त्याशिवाय दुपारी झोपच लागत नाही. पहिला पाऊस पडला तेव्हा अंगणातली माती उचलून तोंडात घालावी असं वाटलं होतं. मला वाटलं मलाच काहीतरी झालंय.

आहारवाली
तुम्हाला काही वेगळं झालेलं नाही. अंगात लोह कमी पडलं की बऱ्याच बायकांना असं होतं. बऱ्याच जणी लपवतात, म्हणून मी प्रत्येकीला विचारतेच. लोह भरून आलं की ही ओढ बहुतेक वेळा आपसूक कमी होते. पण पेन्सिल आजपासून बंद करा. माती, खडू, पेन्सिल पोटात गेली की आहे तेवढं लोहही शोषलं जात नाही, मलावरोध वाढतो, आणि मातीतून जंत जातात ते वेगळंच. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे सांगा, लाजू नका. जंताची गोळी चौथ्या महिन्यापासून पुढं देतात, पण ती त्यांनीच ठरवायची.

आवाजाची सवय आहे ना, मग दुपारी त्या वेळेला भाजलेले फुटाणे घेऊन बसा.

कागलची काकी
माझ्या धाकट्या भणीला भाजक्या मातीचं लई वेड होतं. चुलीचा कोपरा फोडून खायची. आई मारायची तिला. मार कशाला खायाचा, गोळी खायाची, हे आम्हाला तवा कुठं कळत होतं! तू सांगितलीस हे लई बरं केलीस बाळ.

पांढरारस्सा
भाऊ म्हणून लिहितोय. आमच्या सौंचाही सहावा चालू आहे. घरी आठवड्याला मटण असतं. पांढऱ्या रश्शात हाडाचं सत्त्व उतरतं म्हणून मी तिला रस्सा जास्त आणि फोडी कमी असं वाढतो. शिवाय रक्त वाढावं म्हणून दर रविवारी काळीज आणतो. बरोबर आहे ना?

आहारवाली
भावा, तुमची काळजी दिसते, पण दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

रश्शापेक्षा फोडी वाढा. हाडं कितीही वेळ उकळली तरी त्यातलं कॅल्शियम पाण्यात फार कमी उतरतं. लोह मांसात असतं आणि मांसातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज रक्तात जातं. तेवढंच नाही, चार फोडी मटणाच्या असतील तर त्याच ताटातल्या भाकरी-आमटीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून मोजकं का होईना, फोडी तिच्या ताटात पडल्या पाहिजेत. आपल्याकडे चांगल्या फोडी आधी पुरुषांच्या ताटात जातात आणि करणारीला शेवटी रस्सा उरतो. निदान हे नऊ महिने तरी ते उलटं करा. मटण नीट शिजलेलं असू द्या.

काळजात लोह भरपूर आहे हे खरं, पण त्यात अ जीवनसत्त्वही अतोनात असतं. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ते जास्त झालं तर बाळाच्या घडणीत दोष राहू शकतो. त्यामुळे आत्ता काळीज नको.

पांढरारस्सा
इतके दिवस चांगलंच करतोय असं वाटत होतं. आजच घरी सांगतो. धन्यवाद ताई.

गंगावेसकर
माझं वय ६८. आमच्या घरात चार पिढ्या गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन वाढल्या. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, ग्लासात चार बोटं फेस. पैलवान तेच पितात. कॅल्शियमसाठी त्याहून चांगलं काय असणार? सुनेला रोज संध्याकाळी नेतो. कॅल्शियमच्या गोळ्यांची गरज काय?

प्रसूतीकक्ष
काका, नमस्कार. मी स्त्रीरोग विभागात काम करते. कट्ट्यावरच्या दुधाचा अभिमान मलाही आहे, माझे आजोबा मला खांद्यावर बसवून तिथं न्यायचे. पण गरोदर बाईनं कच्चं दूध पिऊ नये, हे मी हात जोडून सांगते. म्हैस धडधाकट दिसत असली तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, आणि त्यानं गर्भपात होऊ शकतो. कासेवरच्या, हातावरच्या, भांड्यावरच्या जंतूंचा प्रश्न वेगळाच. सुनेला कट्ट्यावर जरूर न्या, संध्याकाळचं चालणंही होईल. दूध किटलीतून घरी आणा, चांगलं उकळा, मग द्या. उकळल्यानं कॅल्शियम जात नाही, ते खनिज आहे, जळून जायचं नाही.

गोळ्यांबद्दल सांगते. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका पेल्यातून, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून, साधारण अडीचशे मिळतं. दोन पेले दूध आणि वाटीभर दही झालं तर साडेसहाशेच्या आसपास जाता येतं. उरलेलं नाचणी, तीळ, पालेभाजीतून काढायचं. जमणाऱ्याला जमतं. पण बहुतेक घरांत गरोदर बाईच्या वाट्याला रोज एवढं दूध येत नाही, म्हणून चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन गोळ्या देतात, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व. जिथं आहारात कॅल्शियम कमी आहे तिथं या गोळ्यांनी गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका कमी होतो, हे त्यामागचं मोठं कारण. बाळाच्या हाडांसाठी एकूण तीसेक ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत.

गंगावेसकर
पोरी, पटलं. उद्यापासून किटली घेऊन जातो. उकळलेल्या दुधाला तो फेस नाही, पण नातवंड महत्त्वाचं.

चंदगडी
आमच्याकडं नाचणी घरची असते. सासरे चार गुंठ्यांत अजून लावतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत नाचणीच होती. रोज सकाळी आंबील. रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी फसफसून वर आलेलं असतं आणि आंबूस वास सुटतो. उकळत्या पाण्यात सोडून ढवळायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पळीवरून धार सुटली की उतरवायचं. मळमळीच्या दिवसांत माझ्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं, हे ठरायचं.

आहारवाली
चंदगडी, छान आठवण केलीत. ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला आपण वर्षातून एकदा आंबील करतो, ती रोजच्या न्याहारीत आली पाहिजे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्याच धान्यात नाही. आंबवल्यामुळे फायदा होतो तो असा. धान्य-कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोह, जस्त, कॅल्शियम तिघांनाही अडवून धरतो. आंबवलं किंवा मोड आणले की तो कमी होतो. म्हणून पिठल्यापेक्षा मोडाची मटकी सरस. मिसळीतला कट बाजूला ठेवला, तर खालची मटकी आणि वरचं लिंबू ही जोडी गरोदर बाईसाठी फार चांगली आहे. मोड मात्र शिजवून खायचे, कच्चे नकोत.

पालेभाज्यांत एक फरक ध्यानात ठेवा. पालकात कॅल्शियम असतं, पण ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळे ते अंगाला फार कमी लागतं. मेथी, शेवग्याचा पाला त्या मानानं पुष्कळ चांगले. आपला पोकळा, माठ, तांदळी, चाकवत हेही आलटून पालटून येऊ देत. सकाळी कपिलतीर्थ मंडईत खेड्यातून येणाऱ्या बायकांच्या पाट्यांत जी ताजी जुडी असेल ती घ्या. शेवग्याचा पाला तर कुणाच्या परसात असेल तर फुकट मिळतो.

रंकाळाकाठ
गूळ-शेंगदाण्याचं काय? सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. त्या आता माझ्या शेजारी बसून धागा वाचतायत. पेन्सिलीचंही त्यांना सांगितलं. काही बोलल्या नाहीत, उठून फुटाणे भाजून आणले.

आहारवाली
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

गूळ आपला कोल्हापूरचा अभिमान आहे, आणि साखरेपेक्षा तो बरा हे खरं. पण खड्याएवढ्या, म्हणजे वीसेक ग्रॅम गुळातून लोह मिळतं एक ते दोन मिलिग्रॅम. २७ मधले दोन! तेही संध्याकाळी चहासोबत खाल्ला तर त्यातलं किती लागणार? रक्त वाढवण्याचा सगळा भार गुळावर टाकू नका, आणि लोहासाठी म्हणून गूळ वाढवतही नेऊ नका, साखर वाढेल. शेंगदाणे चालू ठेवा, प्रथिनं आणि जस्त दोन्ही मिळतं. त्यात मूठभर भाजलेले तीळ मिसळा. साल न काढलेल्या तिळाच्या मोठ्या चमच्यात शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. कारळ्याची चटणी घरात असेल तर भाकरीवर रोज घ्या, आपल्या जुन्या चटण्या म्हणजे खनिजांचे डबेच आहेत.

अजून एक. घरात बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई आहे का? असेल तर माळ्यावरून काढा. टोमॅटो, आमसूल, चिंच घातलेली भाजी तिच्यात शिजवली की थोडं लोह भाजीत उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते आणि मग घरातले नाक मुरडतात.

दिवेलागण
माझा प्रश्न जरा वेगळा. आम्ही जैन, हातकणंगले तालुक्यातले. दिवेलागणीच्या आत जेवण, कंदमुळं नाहीत, अंडी-मांसाचा प्रश्नच नाही. चातुर्मासात सासरी पालेभाजीही बंद असते आणि माझे चौथा ते सातवा महिना नेमके त्यातच येतायत. मला नियम मोडायचे नाहीत. काय करता येईल?

आहारवाली
मोडायची गरज नाही, मी जैन घरांतल्या पुष्कळ जणींना आहार लिहून दिलाय. लोहासाठी मूग, मटकी, मसूर, कुळीथ, हरभरा, चवळी यांपैकी दोन प्रकार रोज. कुळथाचं कढण तर आपल्याकडचं जुनंच. सोबत राजगिरा, बाजरी, तीळ, कारळं. प्रत्येक जेवणात लिंबू किंवा आवळा, चालत असेल तर पेरू. कॅल्शियमसाठी दूध-दही-ताक, ते तुमच्याकडे मुबलक असतं, पण लोहाच्या गोळीच्या वेळेला नाही.

सूर्यास्ताच्या आत जेवण हा तुमचा फायदाच आहे. जेवण सहाला झालं तर रात्री पाणी चालत असेल अशा घरात लोहाची गोळी साडेआठ-नऊला रिकाम्या पोटी घेता येते, सगळ्यात चांगली तेव्हाच लागते. पाणीही चालत नसेल तर सकाळी अकराच्या सुमारास, न्याहारी आणि जेवणाच्या मध्ये घ्या.

बी-१२ ची तपासणी मात्र नक्की करून घ्या. शाकाहारी बायकांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास असते, आणि ते कमी असेल तर नुसत्या लोहानं रक्त भरत नाही.

प्रसूतीकक्ष
याला जोडून. महिनाभर गोळी नीट घेऊन हिमोग्लोबिन किमान १ नं वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टरांना कारण शोधू द्या. कधी बी-१२ कमी असतं, कधी जंत, कधी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्तातला आनुवंशिक दोष. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह भरपूर असूनही हिमोग्लोबिन कमी राहतं, म्हणून दोघा नवरा-बायकोची ती तपासणी एकदा होणं फार गरजेचं आहे. काही जणींना गोळी सोसतच नाही किंवा दिवस फार पुढं गेलेले असतात, त्यांना सलाईनमधून लोह देता येतं, पहिले तीन महिने सोडून.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी हे जरूर वाचा. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लोह, कॅल्शियम दोन्ही तिच्यापासून चार तास लांब. हे पाळलं नाही म्हणून थायरॉइडचा डोस उगाच वाढवावा लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

चंदगडी
मीठ कुठलं? माझ्या जावेनं आता घरात सैंधवच आणलंय, चांगलं असतं म्हणून.

प्रसूतीकक्ष
गरोदरपणात आयोडीनयुक्तच मीठ. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतं, आणि पहिल्या काही महिन्यांत त्यापासून बनणारं संप्रेरक आईच्याच थायरॉइडकडून येतं. सैंधवात आणि साध्या खडेमिठात पुरेसं आयोडीन नसतं. डबा घट्ट झाकणाचा ठेवा, चुलीजवळ नको, आणि मीठ शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घाला. दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतूनही आयोडीन मिळतं. मीठ आयोडीनचं घ्या, पण जास्त खाऊ नका. खर्डा, लोणचं, सुकट बेतानं.

कागलची काकी
एक राहिलंच. मोबाईलवर फिरतंय की गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातनं खावा, कॅल्शियम मिळतंय. पानाच्या डबीतला चुना! आमच्या गल्लीत एकीनं खाल्ला आणि तोंड आलं. डॉक्टर ताई, सांगा की जरा.

प्रसूतीकक्ष
काकी, बरं झालं काढलंत. चुना खाऊ नये. त्यात किती काय आहे, शिसं आहे का, कुणी तपासलेलं नसतं. तोंड, अन्ननलिका भाजू शकते. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात कॅल्शियमची तपासलेली गोळी फुकट मिळते, मग डबीतला चुना कशाला? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. ज्यांना खाजगीचा खर्च झेपत नाही त्यांनी त्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं.

रंकाळाकाठ
पाच आठवड्यांनी लिहितेय. काल तपासणी झाली, १०.४ आलंय. डॉक्टरीणबाईंना पेन्सिलीचं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जंताची गोळी दिली.

काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. सकाळचा चहा सातला, न्याहारी साडेआठला, आंबील किंवा मोडाची उसळ वर लिंबू. अकराला लाल गोळी लिंबूपाण्यासोबत. दुपारच्या जेवणात पालेभाजी बिडाच्या तव्यात, आणि जेवणासोबत पांढरी गोळी. दीडचा चहा आता घरात सगळेच तीनला घेतात. सासूबाईंनी परस्पर वेळ बदलून टाकली, मामंजींनी दोन दिवस कुरकुर केली. रात्री जेवणासोबत दुसरी पांढरी गोळी, आणि झोपायच्या आधी दुसरी लाल गोळी, नुसत्या पाण्यासोबत. दूध चार वाजता. पहिले दहा दिवस लाल गोळीनं पोट फार जड व्हायचं, मग रोज एक पेरू आणि जास्तीचं पाणी सुरू केलं, आता ठीक आहे. अभ्र्यातला पुडा सासूबाईंनी भाच्याला देऊन टाकला. पहिला आठवडा हात तिकडे जायचा, आता आठवणही येत नाही.

एकच शंका. बाळंतपण झाल्यावर गोळ्या बंद ना?

कागलची काकी
न्हाई बाळ. बाळंतपणानंतर पण लाल गोळी १८० दिवस. आणि पांढरी गोळी पण सहा महिने, अंगावर पाजतीस तवर कॅल्शियम आणखी जास्त लागतंय. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तवा करायचे, आत्ता अळीव नको. कधीची तारीख दिलीया?

रंकाळाकाठ
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची, काकी.

कागलची काकी
मग थंडी हाय, डिंक चांगला मिळतोय. बाजारातनं बघून घेतो आणि सांगतो.